हात नाही, हवा हलत होती

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी मी नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीने ठाणे खाडीत गेले होते. सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन चांगलं तापलेलं, ओहोटी लागलेली आणि समोर चिखलावर जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत फ्लेमिंगो. दीड तासात नऊशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले, पूर्ण मोठे केले आणि पोटात गोळा आला. एकाही पक्ष्याचं पीस वेगळं दिसत नव्हतं. चोच कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं तेही नीट कळेना, पाय तर असे वाकडेतिकडे की जणू पाण्यातली सावली बघतेय.

भाचा शेजारी बसला होता, तो म्हणाला मावशी लेन्स गेलीये तुझी. आणि मला ते पटलं, कारण लेन्स सेकंडहँड घेतलेली, १५०-६०० मिलिमीटरची झूम, दोन वर्षं पैसे साठवून. मग मी ती दुरुस्तीला दिली, पंधरा दिवसांनी परत आली, तेच. पुन्हा दिली, पुन्हा पैसे भरले, पुन्हा तेच. लेन्समध्ये नेमकं काय बिघडलंय हे कोणीच सांगेना, आणि त्या महिन्याभरात हंगामातले चार रविवार गेले ते वेगळंच.

शेवटी मी घरीच तपासायचं ठरवलं. सोसायटीच्या गच्चीवर टाकीच्या भिंतीला वर्तमानपत्राचं पान चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवलं, पंधरा मीटरवर ट्रायपॉड ठेवला, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद केलं, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि ४००, ५०० आणि ६०० ला, एकदा लेन्सचं छिद्र मोठं ठेवून एफ ६.३ ला आणि एकदा लहान करून एफ ८ ला असे प्रत्येकी तीन-तीन फोटो काढले. सकाळी सात वाजता, ऊन पडायच्या आत. छोट्या जाहिरातींमधला अगदी बारीक मजकूरसुद्धा स्वच्छ वाचता येत होता. ६०० ला एफ ६.३ किंचित मऊ, एफ ८ केल्यावर तेही नाही. लेन्स चांगली होती. मग नऊशे फोटो का गेले?

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. खराब फोटो डिलीट करायच्या आधी तो मोठा करून बघायचा, तो कशाने खराब झालाय ते. कारण सगळे ब्लर सारखे नसतात, आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. हात हलला असेल तर फोटोतली प्रत्येक गोष्ट, पक्षी, गवत, दगड, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं. पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका बघा, तो ठिपका न राहता छोटी रेघ झालेली असते. पक्षी हलला असेल तर मागचं गवत स्वच्छ असतं आणि फक्त पंख किंवा मान फिसकटलेली असते. फोकस चुकला असेल तर फोटोत कुठेतरी एक पट्टा शार्प असतोच, पक्ष्याच्या पुढचा चिखल नाहीतर मागचं कांदळवन, फक्त पक्षी त्यात नसतो. आणि चौथा प्रकार म्हणजे माझे ते नऊशे. त्यात कुठेच शार्प पट्टा नव्हता, कुठली दिशाही नव्हती, कडा सगळीकडून लहरल्यासारख्या, आणि एका सेकंदात काढलेल्या आठ फोटोंमध्ये त्याच उभ्या पक्ष्याचे पाय आठ वेगळ्या आकारांचे.

तो चौथा प्रकार म्हणजे हवा. हे मला कळायला खरं तर पुस्तक लागलंच नाही. नंतर एकदा कोळीवाड्यातल्या एका नाखवाच्या छोट्या होडीतून गेले होते, मी सारखी कॅमेऱ्याशी खटपट करतेय हे बघून ते म्हणाले, "ताई, हवा तापली आता. नऊनंतर पक्षी नाचतानाच दिसनार तुम्हाला." मी डोळ्याला दुर्बीण लावली आणि खरंच, लांबचे फ्लेमिंगो जागच्या जागी थरथरत होते. डांबरी रस्त्यावर दुपारी लांबून गाडी येताना दिसते ना, तशी. चिखल उन्हाने पटकन तापतो, त्याच्यावरची हवा गरम होऊन वर चढते, मध्ये गार हवेचे थर असतात, आणि गरम-गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. म्हणजे आपल्या आणि पक्ष्याच्या मध्ये शेकडो छोट्या, सारख्या हलणाऱ्या वाकड्या काचा धरल्यासारखं होतं. तुमच्याकडे पाच लाखांची लेन्स असली तरी ती त्या काचांमधूनच बघणार. अंतर जितकं जास्त तितक्या काचा जास्त, आणि लेन्स जितकी लांब तितकं ते थरथरणं मोठं दिसणार. शटर स्पीड १/४००० केला तरी उपयोग नाही, कारण तेवढ्या क्षणात जे वाकडं आहे ते वाकडंच टिपलं जातं. आणि हे फक्त उन्हाळ्यातच होतं असंही नाही, जानेवारीत पहाटे हवा गार आणि पाणी तिच्याहून कोमट असेल तर पाण्यावरूनही होतं, फक्त कमी.

अंतराचंही एक गणित मांडून बघितलं मी. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा. ६०० ला दोनशे मीटरवरचा फ्लेमिंगो काढला तर एकेका पिक्सेलवर सव्वा मिलिमीटरपेक्षा जास्त जागा येते. पिसाचा बारीक तंतू त्याहून बारीक. म्हणजे हवा अगदी स्थिर असती तरी त्या अंतरावरून पिसं दिसणारच नव्हती! हे कळल्यावर लेन्सवरचा राग एकदम गेला. प्रश्न सेटिंगचा नव्हताच, पक्षी जवळ असताना आणि हवा गार असताना तिथे हजर राहण्याचा होता.

आता आपल्या खाडीत हे दोन्ही एकत्र कधी जमतं? इथे नाखवांनी सांगितलेलं दुसरं सूत्र कामाला आलं. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लोकांना पाठ असलेला हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आसपास. खाडीच्या आतल्या टोकाला थोडं मागेपुढे होतं, म्हणून मी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतेच, पण रविवार कोणता धरायचा हे कॅलेंडरवरची तिथी बघूनच ठरतं.

सुकती, म्हणजे ओहोटी, असते तेव्हा फ्लेमिंगो आत, लांब, चिखलावर पसरलेले असतात, कारण त्यांचं खाणं तिथे आहे. भरतीचं पाणी चढायला लागलं की चिखल बुडतो आणि ते किनाऱ्याकडे सरकतात, बरेचसे उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन बसतात, टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात. म्हणजे भरतीला पक्षी जवळ येतात आणि वरून तापणारा चिखलही पाण्याखाली जातो, दोन्ही फायदे. पण पौर्णिमेला उधाण असलं तरी भरती भर दुपारी, तेव्हा पक्षी जवळ आणि हवा उकळलेली. अष्टमीला भरती सकाळी सहाला, हवा मस्त गार, पण तेव्हा भांग, म्हणजे छोटी भरती असते, पाणी पुरेसं चढतच नाही आणि पक्षी चिखल सोडत नाहीत. मधली जागा म्हणजे एकादशी-द्वादशी. सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान पूर्ण भरती, म्हणजे सात ते साडेआठ पक्षी सरकत येतात, ऊन अजून कोवळं असतं. शिवाय खाडी आपल्या पश्चिमेला, नवी मुंबईच्या बाजूने उभं राहिलं की सकाळचा सूर्य पाठीशी आणि उजेड थेट पक्ष्यावर. खाडीपलीकडे भांडुपच्या बाजूने काढणाऱ्यांना तोच उजेड संध्याकाळी मिळतो. वर्षभर मी एवढंच केलं, एकादशी-द्वादशीच्या आसपासचे सुट्टीचे दिवस डायरीत खुणा करून ठेवले. माझ्या मते हीच माझ्या फोटोग्राफीतली सगळ्यात मोठी सुधारणा, आणि हिला एक रुपया लागला नाही.

जवळ म्हणजे आपण चालत जवळ जाणं नव्हे, हे मात्र मला ठासून सांगायचंय. तळ्याकाठी बसून राहायचं, अर्धा-पाऊण तास, खाली, जमलं तर पालथं. पक्षी माना वर करून एका बाजूला चालायला लागले की आपण जास्त जवळ आलोय, तिथेच थांबायचं. थवा उडवून उडतानाचे फोटो काढणारी माणसं मी बघितली आहेत आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. हे पक्षी कच्छवरून एवढ्या लांबून येतात ते इथे खायला, आणि दर वेळी उडवलं की खाण्याचा वेळ गेला. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, पण नेरूळच्या तळ्यांवर त्यांना शांतता द्यायची की नाही हे तिथे कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसावरच आहे.

बरं, हवा आणि अंतर जमलं की मग उरलेले तीन ब्लर. उडणाऱ्या पक्ष्याचं बघा. फ्लेमिंगो ताशी ५० किलोमीटरने उडतोय धरलं तर तो सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जातो. शटर १/५०० असेल तर तेवढ्या वेळात तो २.८ सेंटिमीटर पुढे जातो, आणि पन्नास मीटरवरून माझ्या कॅमेऱ्यात ते ८० च्या वर पिक्सेल होतात. १/२५०० केलं तर १७. तेही कॅमेरा एका जागी धरला तर. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला की अंग जवळजवळ स्थिर होतं, पण पंखांची टोकं वेगळीच खालीवर होत असतात, त्यांच्यासाठी कॅमेरा फिरवण्याचा उपयोग नाही, त्यांना शटरच लागतं. म्हणून मी उडणाऱ्याला १/२५०० किंवा १/३२००, चरणाऱ्याला १/१०००, आणि झोपलेल्याला, एका पायावर मान पिसांत खुपसून उभा असतो तो, त्याला १/५०० सुद्धा पुरतं. शटर आणि अॅपर्चर मी ठरवते, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ऑटोवर. आयएसओ १६००-३२०० ला दाणे येतात म्हणून पूर्वी मी घाबरायचे आणि शटर खाली आणायचे, ते चुकीचं होतं. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी होतात. पक्षी हलला असेल तर पिसं परत आणता येत नाहीत. फक्त रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा, जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच दाणे पुसायला जातो आणि त्यात पिसंही पुसतो.

एक छोटी गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, पांढरा रंग जळाला की फोटो सॉफ्ट वाटतो. बगळा किंवा फिकट फ्लेमिंगो उन्हात असेल तर कॅमेरा मागच्या गडद पाण्यावरून उजेड मोजतो आणि पक्ष्याची पाठ पांढरीफेक होते, पिसांच्या रेघाच उरत नाहीत, आणि आपण म्हणतो फोकस गेला. एक्स्पोजर उणे ०.७ करून बघा.

फोकसचं म्हणाल तर कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सतत जुळत राहणारा, ठेवायचा आणि शक्य असेल तर फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर टाकायचं. दोन आठवडे अंगठा गोंधळतो, मग सुटतो. माझा कॅमेरा जुना, त्याला पक्ष्याचा डोळा ओळखता येत नाही, त्यामुळे मी मधला एकच पॉइंट वापरते. आपल्याकडे जास्त करून लहान फ्लेमिंगो, त्यांचा चेहरा गडद किरमिजी, डोळाही तांबडा, चोच काळपट, त्या गडद भागावर फोकसला धरायला काही मिळत नाही आणि तो पुढेमागे शोधत बसतो. मग मी पॉइंट थोडा खाली आणते, जिथे गडद चोच संपून फिकट मान सुरू होते त्या रेषेवर. तिथे रंग एकदम बदलतो, लगेच पकडतो. मोठ्या फ्लेमिंगोचा डोळा फिकट पिवळा आणि चोच गुलाबी, फक्त टोक काळं, तो सोपा.

आणि पक्षी खूप जवळ आला की वेगळीच अडचण. पाम बीच रोडच्या बाजूला एका कठड्यावर खंड्या बसला होता, जेमतेम सहा मीटरवर, मी श्वास रोखून काढले फोटो, तर चोचीचं टोक लख्ख आणि डोळा मऊ. सहा मीटरवर ६०० आणि एफ ६.३ ला शार्प पट्टा अडीच सेंटिमीटरचा पण नसतो, आणि खंड्याची चोचच त्याहून लांब. एफ ८ ला तीनच्या आसपास. त्यामुळे तो आपल्याकडे तोंड करून असेल तर डोळा धरायचा, चोचीचं टोक सोडून द्यायचं, आणि आडवा वळेपर्यंत वाट बघायची, आडवा झाला की डोळा आणि चोच एकाच अंतरावर येतात.

बोटीत ट्रायपॉड नको. मशीनची थरथर पायांतून सरळ लेन्समध्ये चढते. कठड्याला टेकूनही तेच. उभं राहायचं, पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून, कोपरं बरगड्यांना लावून, म्हणजे ती थरथर गुडघ्यातच जिरते. आणि नाखवाला आधी नम्रपणे सांगून ठेवायचं की पक्ष्यांजवळ मशीन बंद केलीत तर बरं होईल. सगळेच ऐकतात, पक्षीही कमी बुजतात.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट खाडीवर नेऊ नका. आपल्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते, रुमालाने पुसली तरी परत येते, आणि वीस मिनिटं सोन्यासारखा उजेड फुकट. मी आदल्या रात्री बॅग बाल्कनीजवळच्या खोलीत ठेवते, पंख्याखाली. पावसाळ्यात उलटं, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट, नाहीतर काचेच्या आत बुरशी धरते. आणि लेन्सच्या पुढे संरक्षणासाठी म्हणून लावलेला स्वस्त फिल्टर आजच काढा. माझा मी वर्तमानपत्राच्या त्याच पानावर लावून आणि काढून तपासला. फिल्टर लावल्यावर ६०० ला अक्षरांच्या कडांना एक पुसट दुसरी कड येत होती. हूड लावला की संरक्षण तसंही होतं.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचं लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. तिथे जुलैमध्ये झाडीखाली इतका अंधार की १/२५०० विसराच, झाडाच्या खोडाला टेकून १/१२५ ला एका पिंगळ्याचे चाळीस काढले तेव्हा तीन लागले. तिथे बटण दाबून धरून सलग काढलेला बर्स्टच कामाला येतो, कारण पहिल्या फोटोला बोट दाबल्याचा धक्का असतो, तिसरा-चौथा बहुतेक वेळा सगळ्यात स्थिर.

कोणी विचारतं एवढं शार्प कशाला हवं, पक्षी ओळखू आला की झालं. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे लोक पक्ष्यांच्या पायात कडी घालतात, त्यावर अक्षरं आणि आकडे असतात. फोटोत ती वाचता आली तर तो पक्षी कुठून आला हे कळू शकतं, वाचता नाही आली तर तो नुसताच एक गुलाबी पक्षी. मला अजून कडीवाला मिळाला नाही. पण प्रत्येक फ्लेमिंगोचे पाय मी आता आधी बघते.

या फेब्रुवारीत द्वादशी नेमकी सुट्टीच्या दिवशी आली. सहा वाजता नेरूळच्या तळ्यावर पोचले, बांधाच्या उतारावर जुनी सतरंजी टाकून पडले, लेन्सखाली तांदळाची छोटी पिशवी. सव्वासातला पहिला थवा आला, माझ्यापासून तीसेक मीटरवर उतरला. फार नाही, एकशे दहा फोटो काढले. घरी मोठे करून बघितले तेव्हा एका पक्ष्याच्या मानेवर पिसांच्या मधून पाण्याचे थेंब वेगवेगळे मोजता येत होते, आणि चोचीच्या कडेची ती गाळणी आहे ना, ज्यातून ते चिखल गाळून खातात, तिचे दातेसुद्धा दिसत होते.

पुढच्या आठवड्यात तो फोटो नाखवांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी मोठा केला, चेहऱ्याकडे फारसं बघितलंच नाही, सरळ पायांवर गेले. पायाच्या मधल्या सांध्याच्या वर चार बोटं वाळलेल्या गाळाची एक रेघ होती, मला ती दिसलीच नव्हती.

"काला गाल हाय, वाशीकडचा नाय," ते म्हणाले. "ह्यो ऐरोलीच्या पुढं चरून आला सकालचा. बघा, इथवर रुतला होता."

आणि मोबाइल माझ्या हातात न देता पुढचा फोटो सरकवला.